वितळलेल्या जस्तात पोलादी टाकी कशी टिकते?

खारघरच्या रस्त्याकडेला एखादा राखाडी, मळकट चकाकीचा दिव्याचा खांब दिसला तर जवळ जाऊन बघा. तो थर जस्ताचा असतो. खाडीवरून येणारं खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस, यात नुसतं लोखंड कधीच गंजून गेलं असतं. म्हणून असे खांब सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. याला गॅल्व्हनायझिंग म्हणतात.

आता गंमत बघा. ते जस्त ज्या टाकीत वितळवतात, ती केटलही पोलादाचीच! मग जस्त तिला खात नाही का?

खातं, पण हळूहळू. हा गंज नव्हे. गंजाला पाणी आणि ऑक्सिजन लागतो. इथं लोखंडाचे अणू थेट जस्तात जातात. त्याच वेळी भिंतीवर लोह-जस्ताच्या संयुगांचा थर बसतो. तो घट्ट चिकटून राहिला की जस्ताची वाट अडते. तापमान सुमारे 490 अंशांपुढे गेलं की थर सुटा होऊन गळतो आणि झीज झपाट्यानं वाढते. गळालेले कण तळाशी साचतात, तो ड्रॉस. ड्रॉस वेळेवर काढला नाही आणि ढीग भिंतीला टेकला, तर उष्णता पुढे जात नाही, भिंत तिथंच तापते आणि भोक पडू शकतं. मग टनावारी जस्त भट्टीत! जवळ काम करणाऱ्यांचं काय होईल, ते सांगायला नको.

‘स्टेनलेस स्टील वापरा की!’ असं वर्गात कोणीतरी म्हणतंच. पण स्टेनलेसचं रक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा. जस्तात तो फाटला तर सांधायला ऑक्सिजन नाही. केटलसाठी चांगलं ठरतं ते साधं, कमी कार्बनचं आणि अगदी कमी सिलिकॉनचं पोलाद. सिलिकॉन साधारण 0.03 ते 0.12 टक्के असेल, तर जस्ताची क्रिया बेसुमार वाढते. याला सँडेलिन परिणाम म्हणतात. इतक्याशा सिलिकॉननं एवढा फरक पडावा, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

पत्र्यांच्या कारखान्यात दुसरी युक्ती असते. जस्तातच 0.2 टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम घालतात. ते लोखंडाशी आधी जुळून पातळ पडदा तयार करतं. मात्र वितळलेलं शुद्ध ॲल्युमिनियम लोखंडाला जस्तापेक्षा जोरात खातं. म्हणून ओतकामातल्या लोखंडी पळ्यांना आतून उष्णतारोधक लेप देतात.

खाडीपलीकडे, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, शिसं-बिस्मथचं मिश्रण शीतक म्हणून वापरणाऱ्या अणुभट्टीचा आराखडा तयार झाला आहे. हे मिश्रण 125 अंशांच्या आसपासच वितळतं. स्टेनलेसमधलं निकेल त्यात सहज विरघळतं. अशा शीतकात पोलाद वाचवायचं तर त्यात मोजका ऑक्सिजन ठेवतात, म्हणजे पोलादावर ऑक्साइडचा पापुद्रा टिकतो. ऑक्सिजन कमी पडला तर पापुद्रा जातो, जास्त झाला तर शिशाचं ऑक्साइड साचून नळ्या तुंबतात.