पिछाडीचा शिपाई



फौजेतून निवृत्त होऊन एखादा माणूस गावी परतला, की संध्याकाळी पारावर त्याच्याभोवती चार माणसे जमतात. चहा होतो, पीकपाण्याची चौकशी होते, आणि मग कुणीतरी हटकून विचारतो, "काय आबा, लढाईत किती गनीम लोळवलेत?" आबा जर फौजेत ट्रक चालवत असतील, लंगरात भाकऱ्या थापत असतील किंवा टपालाच्या थैल्या मोजत असतील, तर ते नुसते हसतात आणि विषय बदलतात. विचारणाराही गप्प बसतो. "म्हणजे लढला नाहीत तर!" असे तो तोंडाने म्हणत नाही, पण ते त्याच्या चेहऱ्यावर उमटते. आणि आबांना ते दिसते.

शिपाई म्हणजे बंदूक झाडणारा, ही समजूत आपल्या मनात कुणी रुजवली? थोडी पोवाड्यांनी, थोडी शाळेतल्या धड्यांनी, आणि फार मोठ्या प्रमाणात सिनेमाने. युद्धाचा चित्रपट म्हटला की तोफा, रणगाडे आणि शेवटी झेंडा, हे ठरलेलेच. परंतु याच सिनेमाने एक निराळी वाटही पाडली आहे. लढाईपासून दूर, पिछाडीला राबणाऱ्या शिपायांच्या गोष्टी सांगणारे काही चांगले चित्रपट निघाले आहेत. आज त्यांच्याविषयी बोलू या.

आधी थोडा हिशेब. एक माणूस आघाडीवर उभा राहायचा तर त्याला गोळ्या हव्यात, भाकरी हवी, पाणी हवे, बूट हवेत, जखम झाली तर औषध हवे, आणि घरचे पत्रही हवे. हे सारे कुणीतरी त्याच्यापर्यंत पोचवावे लागते. किल्ल्यावरची धान्यकोठारे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पन्हाळ्यावरची ती प्रचंड कोठारे काय शोभेसाठी बांधली होती? कोठारात दाणा आहे आणि टाक्यात पाणी आहे, तोवरच किल्ला झुंजतो.

दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण घ्या. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि ऑगस्टमध्ये झपाट्याने पुढे सरकल्या. इतक्या झपाट्याने, की मागून येणारे पेट्रोल आणि दारूगोळा त्यांना गाठू शकेना. बाँबफेकीत रेल्वे उखडली गेली होती. तेव्हा अमेरिकन सैन्याने काही रस्ते केवळ लष्करी मालासाठी राखून ठेवले, आणि त्यांवरून ट्रकांची रहदारी रात्रंदिवस सुरू केली. 'रेड बॉल एक्सप्रेस' हे तिचे नाव. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ असे सुमारे बारा आठवडे ती चालली. ऐन भरात जवळजवळ ६,००० ट्रक रस्त्यावर होते, आणि एका दिवसात १२,००० टनांहून अधिक माल पुढे जात होता. यांतले सुमारे तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय होते. त्या काळी अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत, आणि काळ्या शिपायांना बहुधा हमाली, बांधकाम आणि वाहतूक अशीच कामे मिळत.

१९५२ साली याच नावाचा चित्रपट निघाला. बड बेटिकर त्याचे दिग्दर्शक. पुढे १९६४ साली प्रमुख अभिनेत्याचे ऑस्कर मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय नट सिडनी पॉइटिए यात तरुणपणी दिसतो. परंतु कथेचा नायक गोरा अधिकारी आहे, आणि चालकांतले खरे प्रमाण पडद्यावर उतरलेले नाही. म्हणजे बघा, पिछाडीच्या माणसाची गोष्ट सांगायला निघालेला सिनेमाही कधी कधी पिछाडीतल्या पिछाडीला विसरतो!

आता खरा प्रश्न असा, की समोर शत्रूच नसेल तर गोष्ट उभी कशावर राहायची? प्रेक्षकाला धरून काय ठेवायचे? चांगल्या दिग्दर्शकांनी याची उत्तरे निरनिराळी शोधली आहेत. त्यांपैकी तीन पाहू.

पहिला चित्रपट 'मिस्टर रॉबर्ट्स', साल १९५५. मूळ कादंबरी टॉमस हेगन याची, १९४६ ची. हेगन स्वतः युद्धकाळात पॅसिफिक महासागरात मालवाहू जहाजावर होता, त्यामुळे त्याने लिहिले ते अनुभवाचे. १९४८ मध्ये कादंबरीचे नाटक झाले आणि पुढे चित्रपट. नाटकात आणि चित्रपटात रॉबर्ट्सचे काम हेन्री फोंडा याने केले आणि तोही युद्धात नौदलात होता.

गोष्ट एका मालवाहू जहाजाची. युद्ध शेकडो मैल दूर चालले आहे आणि हे जहाज टूथपेस्ट, कागद असला किरकोळ माल या बेटावरून त्या बेटावर नेत आहे. कप्तान तिरसट आणि बढतीसाठी हपापलेला. सर्वांत जास्त माल पोचवल्याबद्दल वरिष्ठांनी त्याला पामचे एक रोपटे बक्षीस दिले आहे, आणि ते तो जिवापलीकडे जपतो. खलाशांना मात्र महिनोन्‌महिने किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाही. रॉबर्ट्स हा त्याच्या हाताखालचा तरुण अधिकारी. "मला लढाऊ जहाजावर पाठवा" असा अर्ज तो पुन्हा पुन्हा लिहितो आणि कप्तान दर वेळी त्याला विरोध करतो. कारण उघड आहे. रॉबर्ट्स गेला तर जहाजाचे काम चालवणार कोण?

शेवटी खलाशांना एकदाची सुट्टी मिळावी म्हणून रॉबर्ट्स कप्तानाशी गुपचूप सौदा करतो. यापुढे अर्ज लिहायचा नाही, उलट बोलायचे नाही, आणि हा सौदा कुणाला सांगायचाही नाही. खलाशांना वाटते, हाही बढतीसाठी विकला गेला. ज्यांच्यासाठी आपण आपली इच्छा गिळली, तीच माणसे पाठ फिरवतात आणि तोंड उघडायची सोय नाही! लढाईच्या चित्रपटात असा प्रसंग सहसा मिळायचा नाही. इथे जखम आहे, पण रक्त नाही.

पुढे युरोपातली लढाई संपल्याची बातमी रेडिओवर येते. त्या रात्री रॉबर्ट्स ते पामचे रोपटे उचलून समुद्रात भिरकावतो. कप्तान त्याच्यावर तुटून पडतो. दोघांचे भांडण चुकून जहाजाच्या ध्वनिक्षेपकावरून साऱ्यांच्या कानी जाते, आणि सौदा उघड होतो. मग खलाशी काय करतात? कप्तानाची सही गिरवण्याची स्पर्धा लावतात, आणि खोट्या सहीने रॉबर्ट्सचा अर्ज मंजूर करून टाकतात. तो आपल्या इच्छेप्रमाणे लढाऊ जहाजावर जातो. काही दिवसांनी जहाजावर पत्रे येतात. एक खुद्द रॉबर्ट्सचे. आपण जहाजावर काढलेल्या त्या कंटाळवाण्या दिवसांची आणि सोबत्यांची खरी किंमत त्याला आता कळली आहे. दुसरे पत्र त्याच्या मृत्यूचे. तो कॉफी पीत बसला असता जपानी आत्मघाती विमान जहाजावर आदळले.

हा चित्रपट वर वर विनोदी आहे. जॅक लेमन याला त्यातल्या आळशी पण गोड पल्व्हरच्या भूमिकेबद्दल साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्करही मिळाले. पण हसता हसता तो एक कठीण गोष्ट शिकवून जातो. पिछाडीच्या शिपायाचा पहिला शत्रू म्हणजे कंटाळा. रोज तेच काम, तेच तोंड, तोच माल, आणि मनात सतत टोचणी, "माझा इथे काय उपयोग?" ती टोचणी पोटात ठेवून काम नीट करत राहणे, हे धैर्यच नव्हे काय?

दुसरा चित्रपट ब्रिटिश. 'आइस कोल्ड इन अ‍ॅलेक्स', साल १९५८, दिग्दर्शक जे. ली टॉम्पसन. अ‍ॅलेक्स म्हणजे इजिप्तमधले अलेक्झांड्रिया शहर. काळ १९४२ चा, उत्तर आफ्रिकेतला. जर्मन फौजा तोब्रुकवर चालून आल्या आहेत. हे तोब्रुक आपल्याला परके नाही. जून १९४२ मध्ये ते पडले तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तिथे होती आणि तीही शत्रूच्या हाती सापडली.

चित्रपटात मात्र पलटणी नाहीत. आहे एक जुनी लष्करी रुग्णवाहिका. तिच्यात थकून दारूच्या आहारी गेलेला एक कप्तान, एक अनुभवी सार्जंट-मेजर आणि दोन परिचारिका. वाटेत एक धिप्पाड अनोळखी अधिकारी त्यांना येऊन मिळतो. तो जर्मन हेर आहे हे हळूहळू साऱ्यांच्या लक्षात येते. वाटेत शत्रूची गाठ पडते, एक परिचारिका गोळीला बळी पडते. तरी चित्रपटभर खरा सामना चालतो तो वाळूशी, तहानेशी आणि गाडीच्या कुरकुरीशी.

यातला एक प्रसंग ज्यांनी चिखलात रुतलेली गाडी काढली आहे त्यांना लगेच पटेल. वाळूची उंच चढण इंजिनाच्या बळावर चढवेना, तेव्हा ही माणसे गाडी उलटी लावतात आणि पुढचा हँडल हाताने फिरवीत इंच इंच वर नेतात. उन्हाने अंग भाजते आहे, हाताला फोड आले आहेत. अगदी माथ्याशी पोचतात आणि गाडी सुटते. घरंगळत थेट खाली! क्षणभर कुणी बोलत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोफेचा एक आवाज नाही, तरी पाहणारा श्वास रोखून बसतो. पुढे तो हेर दलदलीत रुतू लागतो, तेव्हा हीच माणसे त्याला ओढून काढतात, आणि शेवटी तो फासावर न जाता युद्धकैदी म्हणून जिवंत राहील अशी तजवीजही करतात. समान कष्टांनी माणसे कशी बांधली जातात, ते दाखवायला आघाडीपेक्षा ही वाटच जास्त उपयोगी पडली आहे.

तिसरा चित्रपट अलीकडचा. 'द सिक्स ट्रिपल एट', साल २०२४, दिग्दर्शक टायलर पेरी. विषय काय, तर टपाल! ज्या घरातला मुलगा फौजेत आहे त्या घराला '५६ ए. पी. ओ.' किंवा '९९ ए. पी. ओ.' हा पत्ता पाठ असतो. त्यात ना गाव, ना जिल्हा. तरी पत्र बरोबर त्याच्या हाती पडते. कसे पडते, याचा आपण कधी विचार केला आहे का?

१९४५ च्या आरंभी इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे अमेरिकन शिपायांच्या पत्रांचे आणि पार्सलांचे डोंगर साचले होते. आकडा सुमारे १ कोटी ७० लाख. शिपाई एका जागी थोडेच राहतात! तुकड्या हलल्या, काही जण जखमी झाले, काही मेले, पत्रे मागेच राहिली. ते निपटायला ६८८८ क्रमांकाची स्त्रियांची टपाल पलटण आली. एकूण ८५५ स्त्रिया, बहुतेक कृष्णवर्णीय, प्रमुख मेजर चॅरिटी अ‍ॅडम्स. खिडक्या हवाई हल्ल्याच्या भीतीने काळ्या केलेल्या, अंगात हुडहुडी, सडलेल्या खाऊच्या पार्सलांवर उंदीर. पत्त्यावर कधी नुसते लाडके नाव. रॉबर्ट स्मिथ या एकाच नावाचे हजारो शिपाई! त्यांनी सत्तर लाख कार्डांची नोंद ठेवली आणि आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या. सहा महिन्यांचे म्हणून दिलेले काम त्यांनी तीन महिन्यांत संपवले.

गुरुजींनी वर्गात हे गणित अवश्य घालावे. एका पाळीत सरासरी ६५,००० टपाल, दिवसाला तीन पाळ्या, नव्वद दिवस. उत्तर येते १ कोटी ७५ लाख ५० हजार. साचलेल्या ढिगाशी ताडून पाहा, हिशेब जुळतो की नाही! या स्त्रियांना काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याचा कायदा अमेरिकेत झाला तो २०२२ साली, म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांनी. तोवर त्यांतल्या बहुतेक जणी जग सोडून गेल्या होत्या. चित्रपटात भाषणे थोडी जास्त आहेत, हे खरे. तरी एका न पोचलेल्या पत्रासाठी घरी आई कशी झुरते आणि खंदकात मुलगा कसा खचतो, हे तो नेमके सांगतो.

आपल्याकडेही ही वाट फार जुनी आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथल्या एट्थ रूट आर्मीच्या वैद्यकीय सेवेत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्या हातात शस्त्र होते ते शस्त्रक्रियेचे. तरी त्यांना लढवय्या म्हणताना चिनी माणसाची किंवा सोलापूरकराची जीभ अडखळत नाही.

मग असे चित्रपट पाहावेत कसे? तीन प्रश्न मनाशी ठेवा. या माणसापुढचा शत्रू कोण? तो कंटाळा असेल, वाळू असेल, वरिष्ठाचा आकस असेल. दुसरा, याचे काम थांबले तर पुढे कुणाचे काय अडेल? आणि तिसरा, चित्रपटाने त्याचे काम खरोखर दाखवले आहे, की त्याला नुसता हसण्याचा विषय केला आहे? मोबाइलवर जरी पाहिलात तरी हे तीन प्रश्न विचारा, म्हणजे बरा कोण आणि बनावट कोण ते आपोआप निवडता येईल. शिक्षकांनी मुलांना असेही सांगावे, की गावातल्या एखाद्या निवृत्त फौजी माणसाकडे जा आणि त्याचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा, त्याच्याच शब्दांत लिहून आणा.

आणि पारावर आबा भेटले, तर किती गनीम लोळवले ते विचारू नका. विचारा, "आबा, फौजेत तुमच्याकडं काम काय होतं? ते कसं करायचात?" मग बघा, आबा विषय बदलणार नाहीत. चहा थंड होईल, पण गोष्ट संपणार नाही.