जुनी जीप घाट का चढत नाही?

लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात उन्हाळ कांद्याच्या दिवसांत सकाळी उभं राहिलं, की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि पिकअप गाड्यांची रांग डोळ्यांत मावत नाही. या रांगेत कधीतरी एखादी जुनी जीप दिसते. समोरून पाहिलं तर तिचं बॉनेट जरा जास्तच उंच वाटतं, कपाळ मोठं असलेल्या माणसासारखं. लहानपणी मला वाटायचं, आपल्या रस्त्यांसाठी ती मुद्दाम तशी केली असेल. खरं कारण वेगळं आहे. जुन्या जीपच्या इंजिनाची ताकद कशी वाढते, हे त्या कारणातूनच समजतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीनं जी जीप बनवली, तिच्यात चार सिलिंडरचं २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. त्याचं नाव ‘गो डेव्हिल’. ताकद ६० हॉर्सपॉवर. या इंजिनाचे आठही व्हॉल्व्ह पिस्टनच्या शेजारी, खाली ब्लॉकमध्ये बसवलेले होते. त्यामुळे हेड चपटं आणि इंजिन बुटकं. पण आत येणाऱ्या हवेला वळसा घालून यावं लागे. युद्ध संपल्यावर कंपनीला जास्त ताकद हवी होती. तिनं सिलिंडर मोठे केले नाहीत. ७९.४ मिलिमीटर व्यास आणि १११ मिलिमीटर स्ट्रोक, दोन्ही तसेच ठेवले. फक्त हवा आत घेणारे चार व्हॉल्व्ह खालून उचलून वर हेडमध्ये नेले आणि आकारानं मोठे केले. धूर बाहेर सोडणारे चार मात्र खालीच ठेवले. कॉम्प्रेशनचं प्रमाण साडेसहाच्या आसपास होतं, ते ७.४ केलं. एवढ्या बदलानं ६० ची ७५ हॉर्सपॉवर झाली. या इंजिनाचं नाव ‘हरिकेन’. हेडवर व्हॉल्व्ह आल्यामुळे इंजिन उंच झालं, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उंच केलं. ती १९५३ सालची सीजे-३बी. १९४५ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि १९४७ पासून जीपची जुळणी करणाऱ्या महिंद्र कंपनीनं पुढे हेच उंच बॉनेटचं मॉडेल आपल्याकडे कित्येक वर्षं बनवलं.

आता यातला मुद्दा पाहा. इंजिनाला जास्त पेट्रोल पाजून ताकद वाढली नाही, जास्त हवा दिल्यानं वाढली. पेट्रोल ओतणं सोपं असतं, हवा आत ओढणं अवघड. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचं, तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. त्यात आपण नाशिकच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर राहतो. इथली हवाच समुद्रकाठच्या हवेपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. म्हणजे मुंबईत ७५ हॉर्सपॉवर देणारं इंजिन लासलगावात सत्तरच देणार. त्यात इंजिनाचा दोष नाही. त्याहून जास्त ताकद कुठे गळत असेल, तर ती मात्र शोधलीच पाहिजे.

आमच्या घरी अशीच एक उंच बॉनेटची पेट्रोल जीप होती. १९९२ च्या उन्हाळ्यात ती ओढेनाशी झाली. सपाटीवर ठीक, पण चढ आला की दुसऱ्या गिअरवर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका गॅरेजमध्ये दिली. तिथल्या मिस्तरीनं हेड खोललं, घासून आणलं, टायमिंग पुढे घेतलं, वरचे टॅपेट सेट केले आणि सांगितलं, “अण्णा, आता बघा कशी पळते!” आणि खरंच, आठवडाभर ती पळाली.

मग आम्ही मालेगावला लग्नाला गेलो. परतताना जीपमध्ये नऊ माणसं, त्यात माझी आत्या आणि तिची दोन लहान मुलं. संध्याकाळी राहूड घाटात चढ लागला तसं इंजिन टिकटिक वाजायला लागलं. कोणीतरी पत्र्यावर खडे मारावेत तसा आवाज. अण्णांना वाटलं, चढ संपेल. काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. हेड गॅस्केट फुटलं होतं. हँडब्रेक गाडी धरेना. मागून ट्रक येत होते. माझ्या मोठ्या भावानं उडी मारून चाकामागे दगड लावला, तेव्हा गाडी थांबली. आत्यानं दोन्ही मुलांना खाली घेऊन रस्त्याच्या कडेला डोंगराच्या बाजूला उभं केलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी जीप ओढून मालेगावला एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी झालेलं सगळं काम ऐकून घेतलं आणि विचारलं, “अण्णा, दवा तर बरीच दिलीत. नाडी कोणी पाहिली होती का?”

नाडी म्हणजे कॉम्प्रेशन. चारही प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. बॅटरी चांगली असेल तर दहा-पंधरा मिनिटांचं काम. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. दहा पौंडांपेक्षा जास्त फरक दिसला, तर कुठेतरी गळती आहे. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

चाचांनी नवं गॅस्केट बसवून मोजलं. तीन सिलिंडर ११५ ते १२० पौंड, तिसऱ्या नंबरचा फक्त ६०. ऑइल सोडून पाहिलं, तरी ६०. मग त्यांनी इंजिनाच्या बाजूचं, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचं पत्र्याचं झाकण काढलं. आत खालचे चार व्हॉल्व्ह. तिसऱ्याच्या टॅपेटला गॅपच नव्हता, फीलर गेजची पाती आत जाईना. व्हॉल्व्ह कडेला जळलेला.

इथे या इंजिनाची मेख आहे. ज्या मिस्तरीचा हात नेहमीच्या इंजिनांवर बसलेला असतो, तो वरचं झाकण उघडतो, चार टॅपेट सेट करतो आणि झाकण लावतो. उरलेले चार बाजूला, खाली, गरम मॅनिफोल्डच्या आड असतात. हात भाजतो, जागा अडचणीची, म्हणून ते राहून जातात. व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू खाली बसत जातो, तसा टॅपेटचा गॅप कमी होतो. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. टेकलाच नाही, तर तो जळतो. शिवाय गॅप वाढलेला टॅपेट टकटक वाजतो, कमी झालेला गप्प बसतो. चाचा म्हणायचे, “वाजणारा टॅपेट बरा, मुका वाईट.” हरिकेन इंजिन थंड असताना वरच्या व्हॉल्व्हना ०.०१८ इंच आणि खालच्यांना ०.०१६ इंच गॅप लागतो. दोन वेगळे आकडे आहेत, हेच मुळी अनेकांना माहीत नसतं.

म्हणजे आमची जीप चार सिलिंडरचं ओझं साडेतीन सिलिंडरवर ओढत होती. तो दोष तसाच ठेवून हेड घासलं, त्यामुळे बाकीच्या तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशन वाढलं. टायमिंग पुढे घेतलं, त्यामुळे ठिणगी लवकर पडू लागली. या दोन्हींमुळे चढावर, भरलेल्या गाडीत, ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल आपोआप भडकू लागलं. तीच ती टिकटिक, जिला नॉकिंग म्हणतात. ती ऐकू आली, की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा. तो इंजिनाचा इशारा असतो.

यातून मी जो क्रम शिकलो, तो सांगतो. आधी कॉम्प्रेशन मोजा आणि आठही टॅपेट सेट करा. मग हवा. जुन्या जीपचा एअर क्लीनर तेलाचा असतो. खालच्या वाटीत तेल, हवा त्यावरून वळते आणि धूळ तेलात बसते. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीत ते तेल लवकर चिखल होतं. आठवड्याला एकदा वाटी उघडून पाहायला पैसे लागत नाहीत. तसंच रेडिएटर. मार्केट यार्डात उडणारी कांद्याची टरफलं रेडिएटरच्या जाळीत अशी चिकटतात, की समोरून ती दिसतही नाहीत. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या धारेनं पाणी मारा, केवढा कचरा निघतो ते पाहा.

त्यानंतर ठिणगी. पॉइंटचा गॅप अर्धा मिलिमीटर, प्लगचा पाऊण मिलिमीटर आणि टायमिंग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पाच अंश आधी. सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. पुष्कळजण सुरुवातच तिथून करतात. प्लग काढून रंग पाहा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. या शेवटच्या गोष्टीकडे आता जास्त लक्ष द्यावं लागतं. २०२५ पर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर आलं. आपल्या ऊसकरी भागाला ते फायद्याचं आहे. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, आणि जुना कार्ब्युरेटर निव्वळ पेट्रोलच्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. मुख्य जेट किंचित मोठा करून घ्यावा लागतो आणि जुने रबरी पाइप बदलावे लागतात, कारण इथेनॉलमुळे ते फुगतात आणि तडकतात.

तुमची जीप डिझेलची असेल, तर क्रम तोच, फक्त ठिणगीच्या जागी नोझल आणि पंप आले. महिंद्रनं १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. ते चार सिलिंडरचं २११२ सीसीचं इंजिन पुढे कित्येक जीपमध्ये आलं. या गाड्यांचा नेहमीचा उपाय म्हणजे ‘पंप वाढवणं’. एक स्क्रू फिरवला, की डिझेल जास्त जातं. पण हवा तेवढीच असते. न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं, आणि आतली उष्णता हेड आणि पिस्टन सोसतात. धुराचा रंग ओळखायला शिका. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर टायमिंग किंवा कॉम्प्रेशन तपासा.

आणखी एक गोष्ट इंजिनाबाहेरची. सीजे-३बी ला मूळ ६.००-१६ मापाचे टायर होते. हौसेनं मोठे टायर घातले आणि चाकाचा व्यास दहा टक्के वाढला, तर रस्त्यावर मिळणारी ओढ जवळजवळ तेवढीच कमी होते. आधी टायर वाढवायचे आणि मग इंजिन ओढत नाही म्हणून हेड घासायचं, हा उलटा व्यवहार झाला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं केलं, तरी समाधान नाही, मोठं इंजिनच बसवू. बसवता येईल, पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची परवानगी लागते आणि आरसी बुकात नोंद करावी लागते. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचं भांडण सुरू होतं. त्याहून महत्त्वाचं, वाढलेली ताकद थांबवणार कोण? वेग ६० चा ८० झाला, तर ब्रेकवरचं काम पावणेदोन पटीहून जास्त होतं. जुन्या जीपचे चारही ब्रेक ड्रमचे, आणि त्यातल्या किती लायनर तेलकट झालेल्या असतात, ते उघडल्यावरच कळतं.

चाचांनी तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह बदलला, सीट घासली, टायमिंग मागे आणलं आणि आठही टॅपेट बसवले. घासलेलं हेड तसंच ठेवलं, जाड गॅस्केट घालून. बिल ऐकून अण्णा चकित झाले. आधीच्या कामाच्या निम्मंही नव्हतं. जीप न्यायला गेलो, तेव्हा चावी देण्याआधी चाचांनी हँडब्रेक ओढून गाडी उतारावर उभी केली आणि हात सोडला. गाडी हलली नाही. मग म्हणाले, “आता न्या.”

त्या संध्याकाळी राहूड घाट आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. आत्या गाडीत नव्हती. तिला पुन्हा त्या जीपमध्ये बसवायला आम्हाला दोन वर्षं लागली.