थंडीतली मोटरसायकल : अंगाला ऊब, जिवाला जपणूक

दिवाळी सरली की खानदेशात थंडी पाय रोवते. नंदुरबार तालुक्यातील रनाळे हे गाव नंदुरबार आणि दोंडाईचा या दोन बाजारपेठांच्या दरम्यान वसलेले आहे. हिवाळ्यात सूर्य उगवतो सातनंतर. परंतु पोटाचा उद्योग सूर्याची वाट पाहत नाही. कोणी मिरचीच्या पथारीवर कामाला, कोणी गवंड्याच्या हाताखाली, कोणी दूध घालायला, कोणी दवाखान्यात नंबर लावायला अंधारातच निघतो. ज्या घरात बापाच्या हयातीत साधी सायकल नव्हती, त्या घरात आज हप्त्यावर घेतलेली मोटरसायकल उभी आहे. ती चैनीची वस्तू नाही. ती रोजीरोटीचे अवजार आहे. अवजार वापरताना जशी काळजी घ्यावी लागते, तशीच या फटफटीवर बसतानाही घ्यावी लागते. थंडीत तर दुप्पट.

आमच्या वाचक बंधू-भगिनींपैकी बहुतेकांचा समज असा की थंडी म्हणजे फक्त अंगावर काटा. सर्दी-पडसे झाले तर सुंठ-गुळाचा काढा घ्यायचा, संपले. परंतु चालत्या गाडीवरची थंडी ही निराळी गोष्ट आहे. ती आधी बोटे बधिर करते, मग खांदे आखडते आणि शेवटी लक्ष उडवते. अपघात झाल्यावर लोक म्हणतात, ब्रेक लागला नाही. पुष्कळदा ब्रेक चांगला असतो. तो दाबणारी बोटेच वेळेवर वळलेली नसतात.

वारा ऊब कशी पळवतो

आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. अंगाभोवती गरम हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून नेतो, शरीर नवा थर तयार करते, वारा तोही नेतो. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकावर पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजून वाऱ्याचा आणि थंडीचा हिशेब मांडला. २००१ साली कॅनडा आणि अमेरिकेने त्यात सुधारणा करून नवे सूत्र स्वीकारले. त्या सूत्राने हिशेब केला तर पारा १० अंशांवर असताना ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्याला सुमारे साडेपाच अंशांची थंडी वाजते. पारा ८ वर असेल तर ती तीन अंशांच्या आसपास जाते. गाडीवर बसलेला माणूस हा वारा स्वतःच तयार करतो. गावात वारा नसला तरी गाडीवर असतोच.

खानदेश समुद्रापासून दूर. हिवाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि उत्तरेकडून थंड वारे आले की पारा झपाट्याने उतरतो. सातपुड्यात तोरणमाळ आणि डाबच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो. सर्वांत जास्त थंडी मध्यरात्री नसते, ती सूर्योदयाच्या सुमारास असते. नेमकी तीच आपल्या लोकांची कामावर जाण्याची वेळ.

काय घालावे

महागड्या जॅकेटशिवाय थंडी अडत नाही हा गैरसमज आहे. गोष्ट दोन कामांची आहे. एक, ऊब धरणे. दुसरे, वारा अडवणे. लोकरीचा स्वेटर ऊब धरतो पण वारा अडवत नाही, त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. म्हणून स्वेटरवर पावसाळ्यातला रेनकोट किंवा साधा विंडचीटर चढवला की काम होते. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे, कारण मधल्या हवेनेच ऊब राहते. फार घट्ट कपडे घालू नयेत.

ज्याच्याकडे रेनकोटही नाही त्याने वर्तमानपत्राचे तीन-चार पदर करून शर्टाच्या आत छातीवर ठेवावेत. याची लाज वाटण्याचे कारण नाही. फ्रान्समधील जगप्रसिद्ध सायकल शर्यतीत डोंगर चढून घामाघूम झालेले स्पर्धक उतार सुरू होण्याआधी जर्सीत वर्तमानपत्र खोचत आले आहेत. कागद वारा अडवतो, घाम टिपतो आणि कामावर पोचल्यावर काढून ठेवता येतो.

पायात मोजे आणि बंद बूट हवेत. चपलेवर गाडी चालवणारा माणूस थंडीत पाय आखडून बसतो आणि मागचा ब्रेक शोधत राहतो. मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून वर बूट घातला तर वारा लागत नाही. हातमोजे मात्र विचार करून घ्यावेत. इतके जाड नकोत की क्लच आणि ब्रेकचा अंदाजच येणार नाही. विणलेल्या मोज्यांतून वारा शिरतो. त्यावर रेक्झिनचे किंवा चामड्याचे मोजे असावेत.

बोटे बधिर झालीच तर गाडी बाजूला लावावी आणि हात काखेत धरावेत. गरम सायलेन्सरजवळ किंवा शेकोटीच्या ज्वाळेवर हात धरू नयेत. बधिर कातडीला चटका कळत नाही, भाजल्यावरच कळते. ताशी ५० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. बोटांना वळायला एक सेकंद जादा लागला तर चौदा मीटरचा फरक पडतो. तेवढ्यात समोरची बैलगाडी येते.

कानटोपी आणि हेल्मेट

कानटोपी, मफलर, उपरणे यांनी कान झाकतात, कवटी वाचत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण आमचा मुद्दा दंडाचा नाही. थंडीत हेल्मेट ही सर्वांत चांगली टोपी आहे. कान, गाल, कपाळ झाकते, काच खाली केली की डोळ्यांतून पाणी येत नाही. आत पातळ सुती रुमाल बांधावा. जाड कानटोपीवर हेल्मेट चढवले तर ते नीट बसत नाही आणि पडल्यावर निसटते. पट्टा लावलाच पाहिजे. आयएसआय शिक्का नसलेल्या हेल्मेटची विक्री १ जून २०२१ पासून बंद आहे. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारे टोपले घेऊ नये.

मफलरची टोके आणि शालीचे पदर सैल सोडू नयेत. आमच्या भगिनी थंडीत साडीवर शाल घेऊन एका बाजूला बसतात. वाऱ्याने पदर मागच्या चाकात गेला की क्षणात अनर्थ होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाला झाकण, धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा या तिन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. गाडी दिखाऊ करण्यासाठी पुष्कळ तरुण साडीगार्ड काढून टाकतात. घरात आई-बहीण गाडीवर बसत असेल तर ते परत बसवून घ्यावे.

मुले आणि आजारी माणसे

लहान मुलाला टाकीवर पुढे बसवण्याची पद्धत सर्वत्र आहे. बापाला वाटते, मूल डोळ्यांसमोर आहे. प्रत्यक्षात ते मूल बापाच्या छातीपुढची ढाल झालेले असते. सगळा वारा तेच खाते. मुलाचे शरीर लहान, त्याची ऊब लवकर जाते आणि त्याला ते सांगता येत नाही. मुलाला दोघांच्या मध्ये बसवावे, कान-डोके झाकावे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लागते आणि वेग ताशी ४० च्या वर नको, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती फारशी कोणी लिहीत नाही. सिकलसेलचा आजार सातपुड्यातील आदिवासी बांधवांत आहे, तसाच तो आपल्या समाजातही आहे, विदर्भात तर विशेष. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. अशा रुग्णाला पहाटेच्या थंडीत गाडीवर नेणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. ऊन पडू द्यावे, नाहीतर एसटीने न्यावे. ज्याने तपासणी केली नसेल त्याने सरकारी दवाखान्यात करून घ्यावी; जुलै २०२३ पासून देशभर यासाठी मोहीम सुरू आहे. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांनाही पहाटेचा गार वारा त्रास देतो. दम्याच्या माणसाने तोंडावर रुमाल बांधून श्वास घ्यावा.

आणि दारू. थंडीत दोन घोट घेतले की गाडीवर गरम वाटते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून वरून गरम वाटते. आतली ऊब मात्र त्याच वाटेने बाहेर निघून जाते. गरम वाटणारा माणूस खरे तर गार होत असतो, शिवाय झोकांड्या खात असतो. त्यापेक्षा निघण्याआधी बाजरीची भाकरी, तीळ-गूळ, गरम चहा पोटात असावा. उपाशी शरीर ऊब तयार करू शकत नाही.

धुके, ट्रॉली आणि दगड

तापीच्या काठाला आणि पाणी भरलेल्या गहू-उसाच्या शेतांजवळ पहाटे धुके दाटते. धुक्यात पुढचा लाइट नेहमी खाली ठेवावा. वरचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. वेग कमी करावा, ओव्हरटेक करू नये, रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवू नये. २०१७ च्या एप्रिलपासून विकलेल्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. त्याआधीची गाडी असेल तर तो आठवणीने लावावा.

हिवाळा म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांना पुष्कळदा मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला असतो. ट्रॉली बिघडली की मागे मोठे दगड लावतात. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड रस्त्यातच राहतात. अंधारात हे दगड किती घरांचे कर्ते हिरावून नेत असतील! आपण जाता-येता असा दगड पाहिला तर सुरक्षित जागी थांबून तो बाजूला करावा. हे पाच मिनिटांचे समाजकार्य आहे.

गाडीकडेही लक्ष द्यावे. थंडीत बॅटरी मंद होते, टायरातली हवा आकसते, म्हणून आठवड्याला हवा तपासावी. सकाळी इंजिन मिनिटभर चालू द्यावे, पण बंद खोलीत किंवा पडवीत दार लावून कधीच नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो झोपेतच माणूस मारतो. बंद खोलीत पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीचेही तसेच.

कागदपत्रांचा हिशेब

आम्ही कारकुनी करणारे, तेव्हा हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाडीच्या नावावर असलेल्या मालकाने लायसन्स काढलेले असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचा अपघात विमा घेतलेला असेल, तर त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत मागे बसलेल्याला सहसा काही मिळत नाही. त्याचे कव्हर वेगळे मागून घ्यावे लागते. धडक देऊन वाहन पळून गेले तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाई आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत मोफत उपचाराची योजना आहे. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, असे संरक्षण कायद्यातच आहे. तेव्हा पाहून पुढे निघून जाऊ नये.

आपले कार्यक्रमही नेमके या दिवसांत येतात. ६ डिसेंबर, १ जानेवारी, ३ जानेवारी, १४ जानेवारी. सभा संपायला रात्र होते आणि तरुण तीन-तीन जण एका गाडीवर बसून परततात. आयोजकांनी कार्यक्रम वेळेवर संपवावा, लांबच्या लोकांची विहारात मुक्कामाची सोय करावी. शक्य असेल तर सर्वांनी मिळून एक गाडी ठरवावी.

आमची मंडळांना एक सूचना आहे. वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून लाल-पिवळ्या रेडियमच्या पट्ट्या आणाव्यात. एका रविवारी विहारासमोर बसून गावातल्या प्रत्येक बैलगाडीला, ट्रॉलीला, सायकलीला आणि हेल्मेटला त्या चिकटवाव्यात. गाडी कोणाची, जात कोणती, हे विचारू नये. अंधारात चमकणारी पट्टी समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाचवते. या हिवाळ्यात रनाळ्यासारख्या दहा गावांत जरी हे झाले, तरी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी परत येण्याची आशा तेवढी वाढेल.