ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींची घरे : निधी आणि माहितीचा हक्क

आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ साली आला. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने असा कायदा १९८२ मध्येच केला होता. तरीही तेथील मूलनिवासींना, म्हणजे ॲबोरिजिनल समाजाला, आपल्या घरांसाठी मंजूर झालेला पैसा कोठे गेला हे कळणे सोपे गेलेले नाही. असे का व्हावे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम पैशाची वाट समजून घेऊ. केंद्राचा निधी राज्याकडे जातो, किंवा नॉर्दर्न टेरिटरीसारख्या प्रदेशाकडे. तेथून तो गृहनिर्माण खात्याकडे, आणि खात्याकडून ठेकेदाराकडे किंवा मूलनिवासींच्याच एखाद्या गृहसंस्थेकडे पोहोचतो. २००८ पूर्वी दूरच्या वस्त्यांतील घरे बहुतांशी या छोट्या संस्था सांभाळीत. भाडे त्याच गोळा करीत, दुरुस्तीही त्याच करीत. पैसा मात्र कायम अपुरा. त्या वर्षी केंद्र व राज्ये यांच्यात दहा वर्षांचा राष्ट्रीय करार झाला. नव्या घरांसाठी जमीन सरकारला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळावी, अशी अट आली आणि अनेक वस्त्यांत सरकारच घरमालक झाले. या करारावर सुमारे ५.४ अब्ज डॉलर खर्च झाले.

आता कागदांची वाट. कागद कोणाच्या कपाटात आहे, यावर कोणता कायदा लागू होणार हे ठरते. केंद्राच्या खात्याकडील कागदाला १९८२ चा कायदा लागतो. २०१० च्या दुरुस्तीने त्यातील अर्जाचे शुल्कही गेले, आणि उत्तराची मुदत आपल्यासारखीच ३० दिवसांची आहे. पण टेरिटरीच्या गृहनिर्माण खात्याला हा कायदा लागत नाही. त्यासाठी तेथील २००२ चा वेगळा कायदा आहे. न्यू साउथ वेल्समध्ये २००९ चा कायदा असून दीड लाख डॉलर वा अधिक रकमेच्या सरकारी ठेक्यांची नोंद तेथे आपण होऊन प्रसिद्ध करावी लागते. मूलनिवासींच्या संस्थांचे पुन्हा निराळेच. त्यांपैकी ज्यांची नोंदणी २००६ च्या खास केंद्रीय कायद्याखाली झाली आहे, त्यांचे अहवाल निबंधकाच्या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही विनामूल्य पाहता येतात. म्हणजे गमतीची गोष्ट अशी की, लहान संस्थेचा हिशेब अर्ज न करता दिसतो आणि तिच्या जागी आलेल्या मोठ्या खात्याचा मागावा लागतो.

मागूनही काय मिळते? बहुधा बेरजा. एप्रिल २००८ मध्ये टेरिटरीसाठी ६७ कोटी २० लाख डॉलरची योजना जाहीर झाली. ७५० नवी घरे बांधावयाची होती. वर्ष उलटले तरी एकही नवे घर उभे राहिले नव्हते. ऑगस्ट २००९ मध्ये टेरिटरीच्या मंत्री ॲलिसन अँडरसन, ज्या स्वतः मूलनिवासी, यांनी याच प्रश्नावरून सत्ताधारी पक्ष सोडला, आणि त्याच महिन्यात योजनेचा फेरआढावा पुढे आला. माहिती बाहेर आली ती अशी. दहा वर्षांच्या कराराने काहीच साधले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०१७ च्या आढाव्यानुसार दूरच्या वस्त्यांतील गर्दीच्या घरांत राहणाऱ्यांचे प्रमाण २००८ मधील ५२ टक्क्यांवरून २०१४-१५ पर्यंत ४१ टक्क्यांवर आले.

परंतु टक्केवारीतून कोणाचा नळ दुरुस्त झाला हे कळत नाही. ॲलिस स्प्रिंग्जजवळील सांता तेरेसा वस्तीत भाडेकरूंनी वकिलांच्या मदतीने आपली यादी आपणच केली. ७० घरे, सहाशेंहून अधिक प्रलंबित दुरुस्त्या. एका बाईंच्या घराला ६८ महिने मागचा दरवाजाच नव्हता. २०१६ मध्ये सुरू झालेले हे प्रकरण नोव्हेंबर २०२३ मध्ये हायकोर्टात संपले (तेथे हायकोर्ट हेच सर्वोच्च न्यायालय), आणि घरमालक सरकारने भाडेकरूला मनस्तापाचीही भरपाई द्यावी, असे ठरले. भाषेचा शिक्षक म्हणून मला येथे आणखी एक गोष्ट खटकते. या वस्तीची भाषा अरेर्न्टे. भाडेकरार आणि नियम इंग्रजीत.

तपशिलाची माहिती किती उपयोगी पडते, याचे उदाहरणही याच देशात आहे. मूलनिवासी घरे नीट वापरीत नाहीत, मोडतोड करतात, असा समज सर्वत्र होता. हेल्थहॅबिटॅट या संस्थेने हजारो घरांतील नळ, गटारे, विजेची बटणे एकेक तपासून नोंदी प्रसिद्ध केल्या. बहुतेक बिघाड नियमित देखभाल न झाल्याने, त्याखालोखाल सदोष बांधकामामुळे. रहिवाशांच्या गैरवापराचा वाटा दहा टक्क्यांहून कमी.

मार्च २०२४ मध्ये टेरिटरीसाठी नवा करार जाहीर झाला : दहा वर्षे, ४ अब्ज डॉलर, २,७०० घरे. आकडे पुन्हा मोठेच आहेत. वस्तीनिहाय, घरनिहाय दुरुस्तीच्या तारखा त्यांच्यासोबत प्रसिद्ध होतात किंवा नाही, हे विद्यार्थ्यांना शोधावयास सांगता येईल.