बॅग भरून देणारी मारियान

एक जोडपं सोफ्यावर बसलंय. नवरा बेचाळीसचा, बायको पस्तिशीची, लग्नाला दहा वर्षं झालेली, दोन मुली. महिलांच्या एका मासिकाची प्रतिनिधी त्यांची मुलाखत घ्यायला आलीय, 'सुखी संसार' छापाची. (हो, आपल्या पुरवण्यांतही येतात तशीच!) ती म्हणते, स्वतःबद्दल थोडं सांगा. नवरा, योहान, लगेच सुरू होतो. आपण हुशार, यशस्वी, अजून तरुण... यादी संपता संपत नाही. मग बायकोची पाळी येते. मारियान अडखळते. माझं योहानशी लग्न झालंय आणि मला दोन मुली आहेत, एवढंच तिला सुचतं. आणि ही बाई चांगली वकील आहे बरं का, घटस्फोटाचे खटले चालवणारी!

'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' या स्वीडिश मालिकेची ही सुरुवात. इंगमार बर्गमनने लिहून दिग्दर्शित केलेली ही मालिका 1973 च्या एप्रिल-मेमध्ये स्वीडनच्या टीव्हीवर दर आठवड्याला एक, अशी दाखवली गेली. भाग किती? फक्त सहा. आपल्याकडे सहा भागांत नायिकेची हळदसुद्धा होत नाही!

माझ्या भाचीने मला ही डीव्हीडी दिली, तेव्हा खरं सांगते, मी नाक मुरडलं होतं. परदेशी, त्यातून जुनं, खाली इंग्रजी अक्षरं पळणार, ती वाचायची की चित्र बघायचं? पहिला भाग तसाच गेला. दुसऱ्यात मात्र मी चहाचा कप हातात धरून बसले, तो गार झाला तरी कळलं नाही.

त्या भागात मारियानच्या ऑफिसात एक वयस्कर बाई येतात, श्रीमती याकोबी. वीस वर्षांहून जास्त संसार झालाय, त्यांना घटस्फोट हवाय. नवरा मारतो का? नाही. बाहेरख्याली आहे? नाही, चांगला माणूस आहे. मग? लग्नात प्रेमच नाही. मुलं मोठी होईपर्यंत त्या थांबल्या होत्या. टेबलावर हात ठेवून त्या सांगतात की, असा स्पर्श केला तरी तो पूर्वीसारखा जाणवत नाही, सगळं कोरडं वाटतं. कॅमेरा हलत नाही, मागे संगीत नाही. समोर बसलेली मारियान नुसती ऐकतेय, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकतं. कुणी ढोल बडवत नाही, तिचा चेहरा तीन वेळा वळवून दाखवत नाही. ते आपलं आपणच ओळखायचं असतं.

स्वेन निक्विस्त या नामांकित कॅमेरामनचं हे काम. पैसा बेताचा होता, म्हणून मोजक्या खोल्या आणि माणसांचे चेहरे, बस्स. पण लिव्ह उलमनसारखी अभिनेत्री असेल तर आणखी काय लागतं?

तिसऱ्या भागाच्या वेळी माझ्या सासूबाई शेंगा सोलत शेजारी येऊन बसल्या. त्यांना ना स्वीडिश कळत, ना इंग्रजी. योहान रात्री अवचित घरी येतो, मारियान त्याला खायला करून देते आणि तो सांगून टाकतो की, पॉला नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडलाय आणि उद्याच तो तिच्याबरोबर पॅरिसला निघालाय. पुढे रडारड होईल, थप्पड बसेल असं आपल्याला वाटतं. सकाळी मारियान चक्क त्याची बॅग भरायला लागते.

"अगं, ही का भरतेय त्याची बॅग?" आईंनी विचारलं.

"तो सोडून चाललाय तिला."

"ते कळलं मला. पण भरतेय कशाला?"

मला उत्तर देता येईना. दहा वर्षं तिनेच भरली असेल, हात आपोआप चालत असतील. तो गेल्यावर ती एका मित्राला फोन करते आणि तिला कळतं की, मित्रांना हे आधीपासून माहीत होतं. नवरा गेल्यापेक्षा तो फोन मला जास्त लागला.

या मालिकेने स्वीडनमध्ये घटस्फोट वाढवले, असं तेव्हापासून बोललं जातं. मला ते फारसं पटत नाही. 1974 मध्ये तिथला घटस्फोटाचा कायदाच सोपा झाला, त्याचा हिशेब कोण धरणार? अमेरिकेत 2021 मध्ये हीच गोष्ट नव्याने, नट-नट्या बदलून आली. पण तुम्ही आधी जुनीच बघा. एक युक्ती सांगते. पहिल्यांदा अक्षरं वाचून घ्या. आवडलेला प्रसंग मग पुन्हा लावा आणि अक्षरांकडे न बघता फक्त चेहरे बघा.

मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर मारियानला चौथ्या भागात सापडायला लागतं. योहान भेटायला आलाय. ती वहीत लिहिलेलं त्याला वाचून दाखवते. लहानपणापासून आपण सगळ्यांच्या मनासारखं वागत आलो, आपल्याला काय हवंय हे कधी स्वतःला विचारलंच नाही, असं बरंच काही. पडद्यावर एका मुलीचे जुने फोटो सरकत राहतात. ते लिव्ह उलमनचे स्वतःचे आहेत. वाचून झाल्यावर मारियान वर बघते, तर योहान झोपलेला.

"झोपला की गं हा मेला!" आई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मग शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्यांनी पदराला हात पुसले. "परत लाव बरं ते. ती काय वाचत होती, सांग मला मराठीत."