पापकबुली : क्षमा आणि परतफेड

‘शनिवारी पाप करावे, रविवारी चर्चमध्ये जाऊन कबूल करावे, सोमवारपासून पुन्हा मोकळे’ असा कॅथलिकांच्या पापकबुलीविषयीचा समज आपल्याकडे रूढ आहे. तो खरा असेल, तर हा संस्कार नीतीला आधार देण्याऐवजी पळवाटच पुरवतो, असे म्हणावे लागेल. म्हणून त्याची घडण मुळातून पाहायला हवी.

कॅथलिक परंपरेत सात संस्कार आहेत : स्नानसंस्कार, दृढीकरण, परमप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. अदृश्य अशा ईश्वरी कृपेची ही दृश्य चिन्हे मानली जातात. स्नानसंस्कार, दृढीकरण व गुरुदीक्षा आयुष्यात एकदाच होतात. रोजच्या वागण्याशी पुन्हा पुन्हा संबंध येतो तो मुख्यतः परमप्रसाद आणि प्रायश्चित्त यांचा. गोव्याच्या कोकणीत पापकबुलीला ‘कुमसार’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. ‘प्रायश्चित्त’ हा शब्द मात्र आपल्या धर्मशास्त्राचा. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचाच आहे आणि म. म. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या विषयाचा सविस्तर परामर्श घेतला आहे.

या संस्काराचे आजचे खासगी रूप आरंभापासूनचे नाही. पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग यांसारख्या घोर पापांचे प्रायश्चित्त सार्वजनिक असे. पापी माणसाला प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या वेगळ्या वर्गात, कधी कधी कित्येक वर्षे, राहावे लागे आणि अशी संधी बहुधा एकदाच मिळे. परिणामी अनेक जण ते मरणकाळापर्यंत लांबणीवर टाकू लागले. सहाव्या शतकापासून आयरिश मठवासीयांनी खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणारी कबुली रुजवली. कोणत्या पापाला किती उपवास, याच्या याद्याच त्यांनी तयार केल्या. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा कबुली बंधनकारक केली आणि 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तिचे शास्त्र निश्चित केले.

त्या शास्त्रानुसार पापी माणसाकडून तीन गोष्टी अपेक्षित आहेत : पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई. पश्चात्तापात ‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय अंतर्भूत आहे. तो नसेल, तर धर्मगुरूने उच्चारलेली क्षमा फळत नाही. म्हणजे ‘सोमवारी पुन्हा’ असा बेत मनात ठेवून घेतलेली क्षमा चर्चच्या दृष्टीनेच निष्फळ आहे. कबुलीही मोघम चालत नाही. गंभीर पाप कोणत्या प्रकारचे आणि किती वेळा घडले, हे सांगावे लागते. ‘मी फार वाईट माणूस आहे’ असे म्हणणे सोपे. ‘बहिणीचा वाटा मी कागदोपत्री दडपला’ हे दुसऱ्या माणसासमोर उच्चारणे कठीण. स्वतःची फसवणूक मोघमपणात सुखाने नांदते. नाव घेतले की तिला जागा उरत नाही. कबुलीपूर्वीचे आत्मपरीक्षण हीच सवय लावते.

मात्र सर्वांत दुर्लक्षित अंग भरपाईचे आहे. क्षमेने पाप जाते, पण त्याने केलेले नुकसान आपोआप भरून निघत नाही, असे कॅथलिक शिकवण स्पष्टपणे सांगते. चोरलेले परत करायचे, बदनामी केली असेल तर त्या व्यक्तीचे नाव पूर्ववत होईल असे प्रयत्न करायचे. पेढीतील पैसे खाणाऱ्या कारकुनाला चार प्रार्थना म्हणून सुटता येत नाही. हवे तर नाव न सांगता, पण रक्कम मालकापर्यंत पोहोचलीच पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कय चौपट परत करण्याची तयारी दाखवतो, ती याच वृत्तीने.

या व्यवस्थेची कसोटी लागते ती गुप्ततेच्या प्रश्नावर. कबुलीत ऐकलेले कोणत्याही कारणास्तव उघड करण्यास धर्मगुरूला मनाई आहे. थेट भंग केल्यास तो आपोआप बहिष्कृत ठरतो. या हमीमुळेच माणूस बोलतो. पण 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातील शाही आयोगाने बाललैंगिक अत्याचारांची माहिती कबुलीत मिळाली तरी ती कळवणे बंधनकारक करावे, अशी शिफारस केली. 2018 मध्ये केरळमधील एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर कबुलीतील माहितीच्या आधारे एका स्त्रीचे शोषण केल्याचे आरोप झाले, तेव्हा आपल्या राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. व्हॅटिकनने 2019 मध्ये गुप्ततेचा पुनरुच्चार केला आणि गुन्हेगाराने पोलिसांच्या स्वाधीन व्हावे, ही क्षमेची अट घालता येणार नाही, असेही सांगितले.

येथे परंपरेतच एक ताण दिसतो. चोराला पैसे परत करण्याची अट घालता येते, तर अत्याचार करणाऱ्याला कायद्यासमोर जाण्याची का नाही? गुप्तता मोडली तर कोणी बोलणारच नाही, हे चर्चचे उत्तर बिनबुडाचे नाही. पण पीडिताचे देणे केवळ पैशाचे नसते, न्यायाचेही असते. गुप्तता धर्मगुरूला बांधते, अपराध्याला नाही. त्याने स्वतः पुढे येण्याला कोणताच नियम आड येत नाही. भरपाईचे तत्त्व गांभीर्याने घेणाऱ्याला ही वाट टाळता येऊ नये.

पापकबुली स्वस्त होते ती तिचे तिसरे अंग गाळल्यावर. तिन्ही अंगे सांभाळली, तर कबुलीच्या खोलीबाहेर पडणाऱ्या माणसाचे काम संपलेले नसते. ज्याचे नुकसान केले, त्याच्या दारापर्यंत जाणे अजून बाकी असते.