पाठशुद्धी हीही उपासनाच

आज भाद्रपद वद्य षष्ठी, श्रीज्ञानेश्वरी जयंती. करमाळे तालुक्यातील कंदर, चिखलठाण, कुगाव, केत्तूर या उजनीकाठच्या गावांतून आज कोठे ना कोठे पोथी पाटावर ठेवली जाईल, तिला गंधफूल वाहिले जाईल आणि पारायणाला आरंभ होईल. ज्या वर्षी पर्जन्यराजाची कृपा असते, त्या वर्षी या सुमारास समोर यशवंतसागराचे अथांग पाणी पसरलेले असते. १९६९ मध्ये आरंभलेले उजनीचे काम १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमेकाठची कित्येक जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. गावे उठली तेव्हा माणसांनी मागे पुष्कळ काही ठेवले; परंतु देव्हारा आणि पोथीचे बासन मात्र बरोबर नेले.

पलीकडच्या इंदापूर काठावर पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले म्हणजे ते जलाशयातून वर येते आणि लोक होड्यांतून तेथे जातात. एवढी वर्षे पाण्यात राहिलेल्या त्या वास्तूकडे पाहताना सहज प्रश्न पडतो: यातले मूळचे कोणते आणि प्रवाहाने ढळवलेले कोणते? हाच प्रश्न शतकांच्या प्रवाहातून आपल्यापर्यंत आलेल्या ग्रंथाविषयीही पडतो. श्रद्धावंताने तो विचारावा काय? की विचारणे हाच ग्रंथाचा अवमान?

या प्रश्नावर जगातील दोन मोठ्या धर्मांनी, ख्रिस्ती आणि इस्लाम यांनी, शतकानुशतके परस्परांशी वाद केला आहे. त्या वादाचे मूळ मोठे विलक्षण आहे. तौरात, जबूर आणि इंजील हे ग्रंथ ईश्वरानेच दिले, असे मुसलमान मानतात. परंतु आज ख्रिस्ती व यहुदी लोकांच्या हाती जी पुस्तके आहेत त्यांत मानवी हातांनी फेरबदल झाले, असे त्यांच्या विद्वानांचे म्हणणे. ख्रिस्ती लोक उत्तर देतात, की इस्लामच्या उदयापूर्वीच्या आमच्या हस्तलिखित प्रती आजही उपलब्ध आहेत. मग फेरबदल झाला कधी आणि केला कोणी?

हा वाद भारतभूमीवरही रंगला. अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून फादर रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांचे सहकारी १५७९ च्या अखेरीस गोव्याहून निघाले आणि १५८० च्या फेब्रुवारीत फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी अनेक भाषांत छापलेले बायबलचे खंड बादशहाला अर्पण केले. बादशहाने ते आदराने मस्तकी लावले, असे त्यांच्यातीलच फादर मोन्सेरात यांनी लिहून ठेवले आहे. मौलवींशी झालेल्या पहिल्याच चर्चेचा विषय होता धर्मग्रंथाचा खरेपणा आणि त्याचे प्रामाण्य. पुढे वाद इतका चढला, की एकाने कुराण व दुसऱ्याने बायबल हाती घेऊन धगधगत्या अग्नीत प्रवेश करावा आणि जो वाचेल त्याचा ग्रंथ खरा मानावा, असा प्रस्तावही निघाला. पाद्र्यांनी तो नाकारला. ईश्वराची अशी परीक्षा पाहणे हे पाप होय, हे त्यांचे कारण होते.

आपल्या मनात येथे देहूची इंद्रायणी उभी राहिल्यावाचून कशी राहील? तुकोबांची गाथा पाण्यात बुडवली गेली, तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, असे परंपरा सांगते. इंद्रायणीचे तेच पाणी भीमेला मिळून पुढे उजनीत येते. परंतु तुकोबांनी कोणाशी पैज लावली नव्हती. ते नदीकाठी धरणे धरून बसले होते. शिवाय इंद्रायणीने तारलेली गाथा पुढे जपली ती माणसांनीच. संताजी जगनाड्यांच्या वह्या नसत्या, वारकऱ्यांनी केलेल्या नकला नसत्या, तर आपल्या ओठी आज काय उरले असते?

आक्वाविवा यांचा शेवट दुःखद झाला. गोव्यात परतल्यावर, जुलै १५८३ मध्ये, कुंकळ्ळी येथे त्यांची व त्यांच्या सोबत्यांची हत्या झाली. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती आणि गावकऱ्यांच्या मनात तो डाग जळत होता. फत्तेपूरला निःशस्त्र संवाद करणारा माणूस कुंकळ्ळीला सत्तेच्या सावलीत पोहोचला होता. तेथे संवादाला जागाच उरली नव्हती.

अशीच दुसरी मोठी सभा १८५४ च्या एप्रिलमध्ये १० आणि ११ तारखेला आग्रा येथे भरली. एका बाजूस जर्मन मिशनरी कार्ल फांडर, दुसऱ्या बाजूस मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि त्यांचे साहाय्यक डॉक्टर वझीर खान. फांडर यांच्या प्रसिद्ध ग्रंथाचे नाव ‘मीजान-उल-हक’, म्हणजे सत्याचा तराजू. वझीर खान यांनी मात्र युरोपातील पंडितांचीच बायबल-चिकित्सेची पुस्तके पुढे मांडली. काही ठिकाणी पाठभेद आहेत हे फांडर यांना मान्य करावे लागले. परंतु त्यामुळे मूळ शिकवणीला बाध येत नाही, असा त्यांचा आग्रह राहिला. पाच विषय ठरले होते, त्यांपैकी दोनच झाले. कुराणाची पाळी येण्यापूर्वीच सभा संपली आणि दोन्ही पक्षांनी आपला जय झाल्याचे सांगितले. तराजू दोघांपाशी होते. परंतु पारड्यात घातला जात होता तो समोरच्याचा ग्रंथ.

म्हणून या दोन्ही धर्मांतील खरा ग्रंथभक्त वादसभेत शोधू नये. तो आपल्याच ग्रंथापाशी रात्र जागवताना आढळतो. तिसरे खलीफा उस्मान यांनी कुराणाची प्रमाण प्रत सिद्ध करविली, आणि आपल्याकडील घनपाठी वैदिकांप्रमाणे हाफिजांनी ते अक्षरशः कंठस्थ ठेवले. ख्रिस्ती पंडितांनी ग्रीक भाषेतील सहस्रावधी हस्तलिखिते ताडून पाहिली आणि लेखनिकांच्या चुकाही जगापुढे उघड मांडल्या. फार दूर जावयास नको. उजनीच्या वरच्या अंगाला, भीमेच्याच खोऱ्यात, केडगावी पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा व्यासंग करून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते पुरे केले. पुराणे मुखोद्गत असलेली ही विदुषी. तिने पत्करलेली वाट आपली नव्हे. तथापि मूळ शब्दापर्यंत पोहोचण्याची तिची तळमळ ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही.

ती ओळखीची वाटते, कारण आजची तिथी तशाच तळमळीची आहे. फत्तेपूरचा वाद १५८०चा. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, गोदातीरी पैठणला शांतिब्रह्म एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात अत्यंत शुद्ध, परंतु पाठांतरांमुळे त्यात अशुद्धे शिरली, हे नाथांनी स्वतःच नमूद केले आहे. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे, असा सक्त इशाराही त्यांनी देऊन ठेवला. कोणी परधर्मीयाने आक्षेप घेतला म्हणून नव्हे, तर माउलींवरील प्रेमापोटी त्यांनी हे केले. ग्रंथात दोष शिरले हे कबूल केल्याने त्यांची श्रद्धा उणावली नाही. उलट त्या कबुलीनेच ते कामाला लागले.

याच नाथांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघे एकमेकांच्या शास्त्रांतील उणिवा काढीत कडाडून भांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. ज्याने आपली पोथी स्वतः तपासली आहे, त्यालाच दुसऱ्याच्या पोथीविषयी बोलताना असा मायेचा शेवट साधतो.

उजनीकाठच्या गावांत मंदिराच्या घंटेबरोबर बांगेचा स्वरही पाण्यावरून येतो. आज सायंकाळी दिवेलागणीला पोथी उघडताना, भाविक वाचकहो, क्षणभर त्या अनाम लेखनिकांचे स्मरण करावे, ज्यांनी दिव्याच्या उजेडात अक्षर अक्षर ताडून पाहिले. ओवी वाचताना जीभ अडखळली तर थांबावे, मागे जावे, ती पुन्हा नीट म्हणावी. आणि शेजारच्या घरी कोणी आपला ग्रंथ अशाच जपणुकीने वाचीत असेल, तर त्यालाही मनोमन वंदन करावे. माउलींच्या पसायदानात जीवांचे परस्परांशी मैत्र मागितले आहे. आजच्या पारायणाची सांगता त्याच दानाने व्हायची आहे.